रसायनशास्त्राच्या अभ्यासाला सोबत लागते

परीक्षा आठवड्यावर आली आणि तीन-चार मुलं रसायनशास्त्राच्या वह्या घेऊन एकत्र बसली, की मोठ्यांच्या मनात दोनच शंका येतात. एक तर गप्पा चालल्या असणार, नाहीतर एकमेकांची उत्तरं उतरवणं चाललं असणार. अभ्यास म्हणजे दार लावून, मान खाली घालून, एकट्याने करायची गोष्ट ही समजूत इतकी पक्की आहे की बहुतेक शाळाही तिच्यावरच चालतात. शिकवायचं सगळ्यांना मिळून आणि समजून घ्यायचं ज्याचं त्याने. मुलं एकत्र तयारी करत असतील तर ती त्यांची हौस. वेळापत्रकात तिला जागा नाही, शिक्षकाच्या कामात तिची गणती नाही.

मला हे पटत नाही. निदान रसायनशास्त्रापुरतं तरी, एकत्र तयारी हा अभ्यासाचा आवश्यक भाग आहे आणि तिची सोय करणं ही शाळेची जबाबदारी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ते मांडताना एक गोष्ट मात्र आधीच कबूल करायला हवी. मुलं आज ज्या रीतीने एकत्र अभ्यास करतात त्यातला बराचसा वेळ वाया जातो आणि मोठ्यांना येणारी शंका अगदीच निराधार नसते. म्हणून सोबत हवी एवढं म्हणून भागत नाही. ती कसली सोबत, कधी आणि कशासाठी, हेही बोलावं लागतं.

रसायनशास्त्रच का, हा प्रश्न रास्त आहे. ग्लासगो विद्यापीठातले रसायनशिक्षणाचे अभ्यासक अ‍ॅलेक्स जॉनस्टन यांनी १९९१ साली या विषयाची अडचण फार नेमकी पकडली. रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर चालतं, असं त्यांचं म्हणणं. पहिली डोळ्यांना दिसणारी: धातू विरघळतो, बुडबुडे येतात, रंग बदलतो. दुसरी कणांची: अणू, रेणू, आयन, जे कोणालाच दिसत नाहीत. तिसरी चिन्हांची: सूत्रं, समीकरणं, आकडे. शिक्षक एकाच वाक्यात या तिन्ही पातळ्यांवर फिरून येतात आणि सवयीमुळे त्यांना ते जाणवतही नाही. समोर बाकावर बसलेल्या मुलाची मात्र त्या धावपळीत दमछाक होते. मग तो हळूहळू एकाच पातळीवर मुक्काम ठोकतो, चिन्हांच्या. कारण गुण तिथेच मिळतात.

हा मुक्काम किती फसवा असतो, हे बऱ्याच आधी दाखवून झालं आहे. १९८७ साली सुझन न्यूरेनबर्न आणि माइल्स पिकरिंग यांनी विद्यार्थ्यांना दोन प्रकारचे प्रश्न दिले. एक नेहमीचे, वायूंच्या नियमांवरची गणितं. दुसरे चित्रांचे: भांड्यातल्या वायूचे कण कसे पसरलेले असतील, यातलं बरोबर चित्र निवडा. गणितं बिनचूक सोडवणाऱ्या अनेकांना चित्र ओळखता आलं नाही. पर्ड्यू विद्यापीठातल्या जॉर्ज बोडनर यांनी तर रसायनशास्त्राची पदवी घेऊन पुढच्या शिक्षणासाठी आलेल्यांना विचारलं, की उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असतं. पाण्याची वाफ, इतकं साधं उत्तर. पण काहींनी हवा म्हणून सांगितलं आणि काहींनी हायड्रोजन व ऑक्सिजन. पाणी उकळताना रेणू एकमेकांपासून सुटतात, तुटत नाहीत, ही गोष्ट या पदवीधरांच्या बाबतीत शाळेतच कधीतरी निसटली होती आणि त्यानंतरच्या इतक्या परीक्षांत ती कोणाच्या नजरेस आली नव्हती.

मेख इथेच आहे. चिन्हांच्या पातळीवरची चूक एकट्याला सापडते, कारण पुस्तकाच्या शेवटी उत्तर छापलेलं असतं आणि ते जुळत नाही. कणांच्या पातळीवरची चूक एकट्याला सापडत नाही. उत्तर जुळतं, पान उलटतं, गैरसमज तसाच पुढच्या धड्यात जातो. तो बाहेर यायचा तर आपल्या डोक्यातलं चित्र कोणासमोर तरी बोलून दाखवावं लागतं आणि ऐकणाऱ्याने मध्येच अडवावं लागतं.

हे कसं घडतं ते एका साध्या गणितावरून पाहू. २.४ ग्रॅम मॅग्नेशियम १०० मिलिलिटर, एक मोलर (म्हणजे लिटरला एक मोल) हायड्रोक्लोरिक आम्लात टाकलं. मोल म्हणजे डझनासारखंच कण मोजायचं एक ठराविक माप. किती हायड्रोजन मिळेल? तिघं जण आपापल्या वहीत उत्तर लिहितात. मॅग्नेशियमचं अणुवस्तुमान २४, म्हणजे २४ ग्रॅमचा एक मोल, म्हणजे इथे ०.१ मोल धातू. आम्लही ०.१ मोल. पहिला म्हणतो, "दोन्ही सारखंच आहे, म्हणजे दोन्ही संपणार. हायड्रोजन ०.१ मोल." दुसरीने ०.०५ लिहिलंय, पण का लिहिलं ते तिला सांगता येत नाही. समीकरणात आम्लाच्या आधी दोन आहे, म्हणून तिने दोनने भागलं. तिसऱ्याला काहीच आलेलं नाही. तो नुसतं विचारतो, "अरे, पण शेवटी भांड्यात काय उरतं?"

या प्रश्नासाठी तिघांनी एकत्र बसावं, असं मी म्हणेन. कारण आता पहिल्याला धातूचा एकेक अणू मोजावा लागतो. एका मॅग्नेशियम अणूला आम्लाकडचे दोन हायड्रोजन लागतात. म्हणजे आम्ल दुप्पट वेगाने खर्च होतंय. ०.१ मोल आम्ल ०.०५ मोल धातूतच संपणार. हायड्रोजन ०.०५ मोल, म्हणजे ०.१ ग्रॅम, आणि भांड्याच्या तळाशी १.२ ग्रॅम मॅग्नेशियम तसंच पडून राहणार. बुडबुडे थांबलेले आणि धातू अजून दिसतोय. दुसरीचं उत्तर आधीपासून बरोबर होतं, पण दोनने का भागायचं हे तिला आत्ता कळलं. ती एकटी असती तर उत्तर जुळलं म्हणून पुढे गेली असती आणि ज्या गणितात दोनऐवजी तीन येतात तिथे आपटली असती. पहिल्याला स्वतःची चूक सापडली, ती कोणी चुकीचं म्हटलं म्हणून नाही; उरलेला धातू त्याच्या हिशेबात कुठेच बसेना म्हणून. आणि ज्याला काहीच येत नव्हतं त्याने सर्वांत कामाचा प्रश्न विचारला.

हा तिसरा मुलगा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे असा ग्रह आहे, की एकत्र अभ्यासात हुशार मुलगा देतो आणि कच्चा मुलगा घेतो. प्रत्यक्षात ज्याला समजलेलं नाही त्याचा प्रश्न हा समजलंय असं वाटणाऱ्यासाठी खरी परीक्षा असतो. या बाबतीत २००९ साली सायन्स या नियतकालिकात मिशेल स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास आवर्जून सांगण्यासारखा आहे. जनुकशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांनी आधी एकेकट्याने उत्तर दिलं, मग शेजाऱ्यांशी चर्चा करून पुन्हा दिलं, आणि मग त्याच कल्पनेवरचा दुसरा प्रश्न पुन्हा एकट्याने सोडवला. दुसऱ्या प्रश्नातही कामगिरी सुधारलेली दिसली, म्हणजे ही नक्कल नव्हती. त्याहून मोठी गोष्ट अशी, की ज्या गटांत सुरुवातीला एकालाही बरोबर उत्तर माहीत नव्हतं अशा गटांतही सुधारणा झाली. विषय वेगळा असला तरी यंत्रणा तीच आहे. दोन वेगवेगळी उत्तरं समोरासमोर आली की निदान एक तरी चूक आहे हे कळतं, आणि शोध तिथून सुरू होतो.

आता निकामी पद्धतीकडे वळतो. मुलांची सर्वांत आवडती युक्ती म्हणजे धडे वाटून घेणं. तू आम्ल-आम्लारी कर, मी आवर्तसारणी करतो, ती कार्बनी संयुगं करेल. शेवटच्या दिवशी एकमेकांना सांगू, नोट्स देऊ. कामाची वाटणी म्हणून हे शहाणपणाचं दिसतं. पण रसायनशास्त्राचे धडे सुटे नसतात. मोलची कल्पना कच्ची असेल तर द्रावणाची संहती, म्हणजे त्यात पदार्थ किती विरघळलाय ते, कळत नाही, संहती कळली नाही तर पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, कळत नाही, संयुजा (अणूची इतर अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता) आणि आवर्तसारणीतली स्थानं पक्की नसतील तर समीकरण संतुलित करणं म्हणजे आकड्यांशी खेळणं होऊन बसतं. ज्याने आम्ल-आम्लारी केलं त्याला फक्त आम्ल-आम्लारी कधीच येत नाही. शिवाय नोट्स काढताना जे डोकं चालतं ते काढणाऱ्याचं चालतं. घेणाऱ्याच्या हाती सुबक अक्षरातला कागद तेवढा लागतो.

दुसरी तितकीच लोकप्रिय पद्धत म्हणजे एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वर्गातल्या हुशार मुलाला मध्ये बसवून त्याच्याकडून सगळा अभ्यासक्रम वदवून घेतला जातो. माना डोलतात, "हो हो, कळलं" होतं, आणि उत्तरपत्रिका हातात आली की कोरं पान समोर. ऐकताना कळणं आणि स्वतःला करता येणं यांत केवढं अंतर असतं! मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली केलेला प्रयोग यावर चांगला प्रकाश टाकतो. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून घेतलेल्याला आपली तयारी झाली असं का वाटतं, ते यातून कळतं. ती भावना खोटी नसते, पण फार थोडा वेळ टिकते.

गट मोठा झाला की आणखी एक गोष्ट होते. फ्रेंच अभियंता मॅक्स रिंगेलमन यांनी माणसांना दोर ओढायला लावून शक्ती मोजली होती. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत, माणसं वाढत गेली तसा माणशी जोर कमी होत गेलेला दिसला. दोर ओढणं आणि गणितं सोडवणं एक नव्हे, पण सात-आठ जणांच्या अभ्यासगटात बसलेल्या कोणालाही हे पटेल. दोघं बोलतात, दोघं लिहून घेतात, बाकीचे हजेरी लावतात. तिघं किंवा चौघं पुरे. पाचवा आला तर दुसरा गट करावा.

मग चांगली पद्धत कोणती? तिचा गाभा एकाच अटीत आहे, आणि या अटीवर मी अजिबात तडजोड करणार नाही: प्रत्येकाने आधी एकट्याने सोडवायचं, वहीत लिहायचं, आणि मगच एकत्र बसायचं. रिकाम्या वहीने कोणी यायचं नाही. चुकीचं उत्तर चालेल, अर्धवट चालेल, "इथपर्यंत आलो आणि अडलो" हे तर उत्तमच. गणितशिक्षणाचे अभ्यासक यूरी ट्रीझमन यांचं काम इथे आठवतं. १९७० च्या दशकात बर्कली विद्यापीठात त्यांनी पाहिलं, की कॅल्क्युलसच्या अभ्यासक्रमात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे पडतात आणि चिनी वंशाचे विद्यार्थी चांगलं यश मिळवतात. कारण म्हणून लोक तयारीतली कमतरता, घरची परिस्थिती, मेहनतीचा अभाव असं काय काय सुचवत होते. ट्रीझमन मुलं प्रत्यक्ष अभ्यास कसा करतात ते बघायला गेले. मागे पडणारी मुलं मेहनत करत होती, पण एकटी. पुढे जाणारी मुलं आधी एकटी बसून गणितं करत आणि मग एकत्र येऊन एकमेकांची उत्तरं तपासत, चुका काढत. त्यांना आपण वर्गाच्या तुलनेत कुठे आहोत, हेही त्यामुळे रोज कळत होतं. ट्रीझमन यांनी मग अवघड गणितांवर मिळून काम करायच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि त्यात आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल लक्षणीय सुधारले.

या उदाहरणातूनच माझा पुढचा मुद्दा निघतो, आणि मला तो सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. एकत्र अभ्यास ही मुलांची खासगी बाब म्हणून सोडून दिली तर तिचा लाभ कोणाला होतो? ज्याला मित्र आहेत, ज्याच्या घरी चौघांनी बसायला जागा आहे, ज्याच्या पालकांना ते चालतं, त्यालाच. जो मुलगा नव्याने शाळेत आलाय, जी मुलगी संध्याकाळी घराबाहेर राहू शकत नाही, ज्याला घरी गेल्यावर कामं आहेत, जो बोलताना अडखळतो, ते सगळे अभ्यास एकट्याने करतात. ते त्यांनी निवडलेलं नसतं. निकालात ते मागे दिसले की आपण त्यांना कष्ट कमी पडले म्हणतो. शाळेने आठवड्यातून एक तास, शाळेच्याच वेळेत, याच कामासाठी राखून ठेवला तर ही दरी पुष्कळ भरून निघेल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवी यंत्रं लागत नाहीत. बाकं फिरवावी लागतात आणि शिक्षकाला तासभर फळा सोडून गटागटांतून हिंडावं लागतं.

शिक्षकांचा आक्षेप मला माहीत आहे: अभ्यासक्रमच पुरा होत नाही, त्यात हा तास कुठून काढायचा? पण पुरा होतो म्हणजे काय होतं? शिकवून पुरा होतो. ज्या वर्गातल्या निम्म्या मुलांना मोल म्हणजे काय ते सांगता येत नाही, तिथे समतोलाचा धडा शिकवून झाला याला पुरा होणं म्हणायचं का? मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, हे सगळ्यांना पाठ असतं. २०१९ पासून हा आकडा मोजमापाच्या व्याख्येतच निश्चित करून टाकला आहे, हेही हौशी मुलं सांगतात. पण २ ग्रॅम हायड्रोजनमध्ये आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये रेणूंची संख्या सारखी का, हे शेजाऱ्याला पटवून दे म्हटलं की शांतता पसरते. तो तास या शांततेसाठी हवा.

त्या तासात कसले प्रश्न द्यावेत, यावरही बरंच अवलंबून आहे. पाठांतराचे प्रश्न एकत्र सोडवण्यात अर्थ नाही. संयुजा, आयनांची सूत्रं, रंग, व्याख्या हे ज्याचं त्याने घोकावं, फार तर एकमेकांना विचारून घ्यावं. गटाला द्यायचा तो प्रश्न असा असावा, की पहिलं सुचलेलं उत्तर चुकण्याची शक्यता मोठी. एक नमुना देतो. ०.००१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच ३. ०.१ मोलर अ‍ॅसेटिक आम्लाचा पीएच जवळपास तेवढाच, २.९ च्या आसपास. दोन्हींचे सारखे घनफळ घेऊन उदासिनीकरण करायचं आहे. सोडियम हायड्रॉक्साइड सारखंच लागेल का? बहुतेक मुलं हो म्हणतात, पीएच सारखा आहे ना! प्रत्यक्षात अ‍ॅसेटिक आम्लाला शंभरपट लागतं. त्यातले थोडेच रेणू कोणत्याही क्षणी आयन होऊन सुटलेले असतात, पण आम्लारी त्यांना खाऊ लागली की मागचे रेणू सुटत जातात आणि शेवटी सगळे खर्ची पडतात. तीव्रता वेगळी, संहती वेगळी, समतोल म्हणजे सुटणं आणि पुन्हा जुळणं सारख्याच वेगाने चालणं, दोन्ही बाजूंना सारखं प्रमाण नव्हे, या तीन गोष्टी एका प्रश्नात येतात. आणि चौघांतल्या एकाला जरी कुठून तरी धागा सापडला तरी पुढचा अर्धा तास कोणी घड्याळाकडे बघत नाही.

गटाचा खरा धोका मला गप्पांचा वाटत नाही. खरा धोका आहे तो ठाम आवाजात चुकीचं सांगणाऱ्या मुलाचा. त्याला वर्गात मान असतो, गुण बरे असतात, आणि तो इतक्या खात्रीने बोलतो की बाकीचे आपलं बरोबर उत्तर खोडून त्याचं लिहितात. हे सर्रास घडतं. आधी लिहून आणण्याची अट इथेही उपयोगी पडते, कारण लिहिलेलं उत्तर सहजी मागे घेता येत नाही. निदान का बदललं ते सांगावं लागतं. दुसरं, मतभेद मिटला नाही तर तो बहुमतानं मिटवायचा नाही. पुस्तक उघडायचं, नाहीतर शिक्षकाला गाठायचं. आणि तिसरं, रोज वेगळ्याने समजावून सांगायचं. बोलणारा एकच असला की गटाचा खासगी वर्ग होतो, आणि तो वर्ग घेणाऱ्याला शिकवता येतं की नाही हे कोणी तपासलेलं नसतं.

यावर एक तोडगा रसायनशास्त्राच्याच शिक्षणात निघाला आहे. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात १९९० च्या दशकात अशी रीत सुरू झाली, की तोच अभ्यासक्रम आदल्या वर्षी चांगल्या रीतीने पुरा केलेला विद्यार्थी लहान गटासोबत बसतो. तो उत्तरं देत नाही, व्याख्यान देत नाही; गट अडला की पुढचा प्रश्न विचारतो. पुढे ही रीत अनेक महाविद्यालयांनी उचलली. शाळांमध्ये वरच्या वर्गातली मुलं हे काम सहज करू शकतात आणि त्यांचा स्वतःचा पायाही त्यात पक्का होतो. मात्र प्रयोगाच्या बाबतीत असली मोकळीक देऊ नये. तोंडी परीक्षेची, निरीक्षणं लिहिण्याची, कृती आठवून सांगण्याची तयारी मुलांनी खुशाल एकत्र करावी. रसायनं मिसळण्याचं काम प्रयोगशाळेत, शिक्षक समोर असतानाच. विरंजक द्रावणात (ब्लीचमध्ये) आम्ल पडलं तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो, आणि उत्साही मुलांच्या घोळक्याला तेवढी चूक पुरेशी असते.

चांगला विद्यार्थी यात मागे राहतो, त्याचा वेळ इतरांपायी जातो, असं पालक म्हणतात. समजावून सांगताना ज्ञान पक्कं होतं, हे उत्तर त्यांना नेहमी दिलं जातं आणि ते खरंही आहे. पण पालकांच्या बोलण्यात एक दुसरी, न बोललेली भीती असते, आणि तिला उत्तर द्यायला हवं. माझ्या मुलाने इतरांना पुढे नेलं तर त्याचा क्रमांक जाईल. ही भीती खुळी नाही. जिथे गुण एकमेकांच्या तुलनेत ठरतात, क्रमांक फलकावर लागतात, तिथे मित्राला गणित समजावणं म्हणजे स्वतःचं नुकसान करून घेणं होय, आणि मुलं हा हिशेब फार लवकर शिकतात. मग नोट्स लपवल्या जातात, "मी काहीच केलं नाही रे" असं खोटं बोललं जातं. शाळेला एकत्र अभ्यास हवा असेल तर शालेय परीक्षांतले क्रमांक जाहीर करणं तिने बंद केलं पाहिजे. किती आलं पाहिजे ते आधी ठरवा, आणि तितकं ज्याला येतं त्याला तितके गुण द्या, मग ते चौघांना येवो की चाळिसांना. एका हाताने क्रमांक वाटायचे आणि दुसऱ्या हाताने सहकार्याचे सुविचार लिहायचे, याने मुलं फसत नाहीत.

नकलेची शंकाही इथेच मिटते. कोणतं काम मिळून करायचं आणि कोणतं एकट्याने, हे शाळेने आधी, उघडपणे सांगितलं पाहिजे. तयारी मिळून, परीक्षा एकट्याने. गृहपाठावर चर्चा चालेल, पण लिहायचं आपल्या शब्दांत, आणि कोणाशी बोललो ते खाली नोंदवायचं. आज हे कोणी सांगत नाही, म्हणून प्रामाणिक मुलगाही मित्राला शंका विचारताना चोरासारखा वागतो, आणि दुसरीकडे रात्री फोनवर सोडवलेल्या उत्तरांचे फोटो सर्रास फिरतात. त्या फोटोंना मी एकत्र अभ्यास म्हणत नाही. त्यात समोरचा माणूसच नसतो, "इथे दोनने का भागलंस?" असं फोटोला विचारता येत नाही.

रसायनशास्त्र स्वतः कसं ठरलं, याकडे एकदा बघावं. १८६० सालच्या सप्टेंबरात जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथे सव्वाशेहून अधिक रसायनशास्त्रज्ञ जमले, कारण अणू कशाला म्हणायचं, रेणू कशाला, आणि अणुभार कोणते धरायचे यावर त्यांचं एकमत नव्हतं. पाण्याचं सूत्रदेखील सगळे सारखं लिहीत नव्हते. अ‍ॅसेटिक आम्लाची तर ऑगस्ट केकुले यांनी आपल्या ग्रंथात १९ वेगवेगळी सूत्रं नोंदवली आहेत. तीन दिवस वाद झाला आणि ठराव असा काही झाला नाही. पण इटलीच्या स्तानिस्लाव कानिझारो यांनी अ‍ॅव्होगाड्रोची कल्पना (सारख्या तापमानाला आणि दाबाला वायूंच्या सारख्या घनफळात रेणूंची संख्या सारखी) धरून अणुभारांची नीट मांडणी करून दाखवली होती, आणि त्यांची पुस्तिका शेवटी प्रतिनिधींना वाटली गेली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लोथर मायर यांनी ती नंतर निवांत वाचली आणि त्यांचा गोंधळ फिटला. त्याच सभेला २६ वर्षांचे दिमित्री मेंडेलीव्हही हजर होते. त्यांची आवर्तसारणी १८६९ साली आली, ती या नव्या अणुभारांच्या आधारावर. जाणकारांना ज्या गोष्टीसाठी एकत्र बसून वाद घालावा लागला आणि मग एकांतात विचार करावा लागला, ती गोष्ट पंधरा वर्षांच्या मुलाने एका तासात, ऐकून, गुपचूप समजून घ्यावी अशी आपली अपेक्षा असते.

आणखी एक मागणी आहे, आणि ती परीक्षेनंतरची. तपासलेल्या उत्तरपत्रिका मुलांना तासाभरासाठी दाखवायच्या, बेरीज बरोबर आहे ना एवढं बघू द्यायचं आणि परत गोळा करून कपाटात ठेवायच्या, ही अनेक शाळांची पद्धत आहे. त्या तासात मुलं फक्त गुण बघतात आणि अर्ध्या गुणासाठी हुज्जत घालतात. एकत्र तयारी केलेल्या गटाला त्या उत्तरपत्रिका चार दिवस घरी नेऊ द्याव्यात. ज्या प्रश्नावर चौघांनी चार वेगळी उत्तरं लिहिली तो प्रश्न त्यांनी पुन्हा सोडवावा, आणि कोण कुठल्या पायरीवर घसरलं ते पत्रिकेच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून आणावं. शिक्षकाने ते पान वाचावं. पुढच्या सत्रातला पहिला तास कशावर घ्यायचा, ते त्याला त्या पानावरच मिळेल.